शनिवार दुपारचे तीन: सामना इंग्लंडात, दिसतो मात्र कोल्हापुरात

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापूरचे, त्यांचा भाचा लीड्सला शिकतो. मामा-भाचे दोघेही लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचे चाहते. शनिवारी संध्याकाळी साडेसातला मामा घरी बसून सामना लाइव्ह बघतात. भाचा मात्र सामना चालू असलेल्या देशातच राहत असूनही त्याला तो दिसत नाही, गोल झाला की मामाच त्याला फोनवर सांगतात. त्यांनी विचारलं आहे, "हे उलटं कसं? आणि आता तिकडचे नियम बदलून जास्त सामने दाखवतात म्हणे. मग चाहत्यांचं भलंच झालं ना?"

मी बावीस वर्षं मुंबईत क्रीडा वाहिन्यांच्या वेळापत्रकाचं काम केलं. कुठला सामना कुठल्या वाहिनीवर, किती वाजता, त्याच्या आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणाऱ्या टेबलावर बसायचो. त्या अनुभवावरून उत्तर देतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला वेळ लागेल, कारण माझं उत्तर "भलं झालं" असं नाही.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या अडीच तासांत टीव्हीवर फुटबॉल लाइव्ह दाखवायला मनाई आहे. ती फक्त प्रीमियर लीगपुरती, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या लीगपुरती, नाही. स्पेन किंवा इटलीतल्या लीगचा सामना त्या वेळात आला तरी तो तिथल्या घरात दिसत नाही. यूएफा म्हणजे युरोपातल्या फुटबॉलची शिखर संघटना. तिच्या घटनेतल्या ४८व्या कलमानुसार प्रत्येक देशाच्या फुटबॉल संघटनेला शनिवारी किंवा रविवारी असे अडीच तास राखून ठेवता येतात. युरोपातले बहुतेक देश ही सोय वापरत नाहीत. इंग्लंडने ती धरून ठेवली आहे. तिकडचे चाहते तिला 'ब्लॅकआउट' म्हणतात.

याचा अर्थ त्या मैदानात कॅमेरे नसतात असा नाही. प्रीमियर लीगच्या हंगामात ३८० सामने होतात आणि सगळेच्या सगळे पूर्ण तयारीनिशी चित्रित होतात. ते चित्र उपग्रहाने आणि केबलने जगभर जातं. मुंबईत आमच्या कंट्रोल रूममध्ये शनिवारी संध्याकाळी एकाच वेळी चार-पाच मैदानांचे फीड उघडे असायचे. उन्हाळ्यात साडेसातला, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे गेलं की साडेआठला. ती मनाई ब्रिटनच्या भूमीपुरती. आपल्याकडे विकलेल्या प्रक्षेपणाच्या हक्कांना तिचा अडसर नाही. म्हणून तुम्हाला दिसतं आणि भाच्याला नाही.

आता हा नियम आला कुठून ते बघू, कारण ते कळल्याशिवाय बदलाचं मोल कळत नाही.

शनिवार दुपारी तीन ही वेळ टीव्हीने ठरवलेली नाही, ती गिरण्यांनी ठरवली. १८५०च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांमधल्या स्त्रिया आणि पोरसवदा कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबायला लागलं. ती गेली की यंत्रं चालणार कशी? हळूहळू पुरुषांनाही अर्धी सुट्टी मिळाली. दोनला भोंगा झाला की घरी जायचं, चार घास खायचे आणि तीनला मैदानावर हजर व्हायचं. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांच्या झगड्यातून मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. ज्यांना त्या रविवारचं मोल माहीत आहे त्यांना लँकेशायर या इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या परगण्यातल्या शनिवारचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

टीव्ही आला तेव्हा अशाच एका गिरणीच्या गावातून विरोध झाला. बर्नलीच्या क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड. धंद्याने खाटीक, स्वभावाने हट्टी. त्यांचं म्हणणं असं होतं, की शनिवारी दुपारी मोठ्या क्लबचा सामना घरबसल्या दिसायला लागला तर लहान गावातला माणूस पावसात भिजत आपल्या गावच्या क्लबला बघायला कशाला जाईल? १० सप्टेंबर १९६० रोजी ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन हा लीगचा सामना आयटीव्हीवर लाइव्ह दाखवला गेला. तो पहिला. पुढचे दाखवायचे होते, पण क्लबांनी कॅमेरे आत घ्यायला नकार दिला आणि तो करार तिथेच बारगळला. १९६४ साली बीबीसीने संध्याकाळी सामन्याचा ठरावीक भाग दाखवायला सुरुवात केली, तेव्हाही लॉर्ड यांनी बर्नलीच्या मैदानाचं फाटक कॅमेऱ्यांना बंदच ठेवलं. त्यांच्याच आग्रहाने त्या दशकात लीगच्या क्लबांनी शनिवार दुपारची मनाई मान्य केली.

लॉर्ड यांची भूमिका आज जुनाट वाटू शकते. मला ती तशी वाटत नाही. का, ते सांगण्याआधी अमेरिकेचं उदाहरण देतो, कारण टीव्हीवाले नेहमी तेच पुढे करतात.

अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये, नियम असा होता की सामन्याची तिकिटं ७२ तास आधी संपली नाहीत तर तो सामना त्या शहरात टीव्हीवर दाखवायचा नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यात तिथले निम्म्याहून अधिक सामने असे झाकले जायचे. २०१३च्या हंगामात फक्त दोन झाकले गेले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी तिथल्या सरकारी दळणवळण आयोगाने या नियमाला दिलेला आधार काढून घेतला. २०१५ पासून लीगनेही तो स्थगित ठेवला आणि तो परत आणला नाही. मैदानं काही ओस पडली नाहीत. मग इंग्लंडने का घाबरावं, असा सवाल केला जातो.

या तुलनेत एक गफलत आहे. अमेरिकेतला नियम ज्या संघाचा सामना त्याच संघाची तिकिटं वाचवत होता. इंग्लंडचा नियम शेजाऱ्याची तिकिटं वाचवतो. आर्सेनलला शनिवारच्या मनाईची अजिबात गरज नाही, त्यांचं मैदान टीव्ही असो-नसो भरतं. गरज आहे ती प्रीमियर लीगपासून खाली मोजत गेलं तर चौथ्या, सातव्या, नवव्या पायरीवरच्या लीगमधल्या क्लबांना. एनएफएलच्या खाली अशी शंभर-शंभर वर्षं जुन्या गावोगावच्या क्लबांची उतरंड नाही, त्यामुळे तिथे तोट्यात जायला शेजारीच नव्हता.

हे मला कागदावर माहीत होतं. प्रत्यक्ष कळलं ते वेगळ्याच कारणाने.

२०१५च्या फेब्रुवारीत मी रजा काढून इंग्लंडला गेलो. शनिवारी दुपारी तीनच्या एका सामन्याचं तिकीट हातात होतं, क्लबचं नाव सांगत नाही. विमानाची तिकिटं काढली, हॉटेल घेतलं, आणि मग टीव्हीने तो सामना उचलला. शनिवारचा सोमवार रात्र झाला. माझं परतीचं विमान रविवारचं. क्लबला लिहिलं, तर उत्तर आलं की सामना रद्द झालेला नाही, फक्त वेळ बदलली आहे, म्हणून पैसे परत मिळणार नाहीत. हे उत्तर वाचताना मला आमच्या ऑफिसचं टेबल दिसत होतं. वेळ बदलल्याचा ईमेल आला की आम्ही काय करायचो? तक्त्यातला एक चौकोन उचलून दुसरीकडे ठेवायचो. 'मंडे नाइट' मिळाली की विक्रीवाल्यांना आनंद व्हायचा. त्या चौकोनाच्या खाली कुणाचं रेल्वेचं तिकीट आहे, कुणाची रजा आहे, कुणी पोराला वाढदिवसाला नेणार होतं, यातलं काहीही आमच्या तक्त्यात नव्हतं. मी स्वतः त्या चौकोनाखाली आलो तेव्हा ते मला दिसलं.

शनिवार रिकामा झाला होता. मी राहत होतो त्या लँकेशायरमधल्या गावात सातव्या पायरीवरचा एक क्लब होता, तिथे गेलो. सहाएकशे माणसं असतील. फाटकावर सत्तरीचे एक गृहस्थ नाणी मोजून घेत होते. एका बाजूला पत्र्याचं छप्पर, बाकी तीन बाजूंना उघडं, आणि वारा असा की चहाचा कप हातात धरला तरी बोटं गार. हाफ-टाइमला सोडत निघाली. क्लबचे सेक्रेटरी माझ्या शेजारी उभे होते. भारतातून टीव्हीवाला आलाय म्हटल्यावर ते मोकळेपणाने बोलले. फाटकाचे पैसे, चहा आणि 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) यांची विक्री आणि सोडत, यांतून पंचांचं मानधन, गवताची निगा आणि बाहेरगावच्या सामन्याला जायची बस, एवढं भागवायचं. "शंभर माणसं कमी आली तर त्या आठवड्याला बसचं भाडं सुटत नाही," ते म्हणाले. पाऊस असेल तर माणसं कमी येतात, ते चालतं, कारण पाऊस दर शनिवारी नसतो. टीव्ही दर शनिवारी असेल.

कोल्हापूरकरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार, किंवा खंडोबा आणि प्रॅक्टिस असा सामना असला की दुपारपासून पेठ रिकामी होते. तालमीचा संघ म्हणजे कुणी दूरचा संघ नसतो, तो आपल्या गल्लीतल्या पोरांचा असतो. लँकेशायरमध्ये त्या दुपारी मी तेच बघितलं.

तर ब्लॅकआउट हा नियम मला पटतो. अडचण अशी आहे की तो कागदावर जसाच्या तसा आहे आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं बदललं आहे.

१९८३ साली लीगचे सामने पुन्हा लाइव्ह दाखवायला सुरुवात झाली, ती रविवारी. शनिवार दुपार तशीच राहिली. १९९२ साली प्रीमियर लीग निघाली. स्काय या वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीने आणि बीबीसीने मिळून पाच हंगामांसाठी ३०.४ कोटी पौंड मोजले, आणि स्कायला हंगामात ६० सामने लाइव्ह मिळाले. २०१६ ते २०१९ या तीन हंगामांसाठी देशांतर्गत हक्कच ५१३ कोटी पौंडांना गेले. २०२५ पासूनचा करार चार हंगामांचा आणि ६७० कोटी पौंडांचा. त्यात स्कायचे किमान २१५ आणि टीएनटी स्पोर्ट्सचे ५२, म्हणजे ३८० पैकी २६७ सामने लाइव्ह.

आता वजाबाकी करा. ११३ सामने उरतात. हंगामात ३८ फेऱ्या, म्हणजे दर फेरीत दहापैकी सरासरी तीन सामनेच टीव्हीबाहेर राहतात. शनिवारी तीनची मनाई कायम आहे, पण शनिवारी तीनला खेळणारे उरलेत किती? शुक्रवार रात्र, शनिवार साडेबारा, शनिवार साडेपाच, रविवार दोन, रविवार साडेचार, सोमवार रात्र. कुलूप तसंच आहे, सामान दुसऱ्या खोल्यांमध्ये हलवलंय. नियम न मोडता नियमाचा गाभा काढून घेता येतो हे मी या धंद्यात अनेकदा बघितलं, त्यातलं हे सर्वात मोठं उदाहरण.

"जास्त सामने दिसतात" याचा अर्थ "जास्त सामने हलवले जातात" असाच असतो, कारण मनाईच्या वेळेत दाखवता येत नाही. लाइव्ह सामन्यांची संख्या वाढली की तितक्या सामन्यांच्या वेळा बदलल्या, हे त्याच नाण्याचं दुसरं अंग. घरी बसणाऱ्याला पहिलं अंग दिसतं, मैदानावर जाणाऱ्याला दुसरं.

यात सगळ्यात भरडला जातो तो बाहेरगावी जाणारा चाहता. न्यूकॅसलचा माणूस ब्रायटनला आपल्या संघामागे जातो तेव्हा एका बाजूचं अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. शनिवारी तीनचा सामना असेल तर पहाटे निघून मध्यरात्रीपर्यंत घरी. तोच सामना सोमवारी रात्री आठला ठेवला, की संपेपर्यंत दहा वाजतात आणि परतीची गाडी नसते. म्हणजे रात्रीचा मुक्काम आला, सोमवार-मंगळवार दोन दिवसांची रजा आली. पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटाला २०१६ पासून प्रीमियर लीगमध्ये ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. ती चाहत्यांनी लढून मिळवली. पण मुक्कामाला आणि रेल्वेला मर्यादा नाही, आणि खर्च तिथेच होतो. तिकडे रेल्वेचं तिकीट लवकर काढलं तर स्वस्त मिळतं, ऐनवेळी काढलं तर अंगावर येतं. सामन्यांचं वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं, पण टीव्हीची निवड त्यानंतर महिन्या-महिन्याने येते. ती येईपर्यंत तारीख ही फक्त अंदाज असते. त्यामुळे ज्याने लवकर तिकीट काढून पैसे वाचवले त्याचेच पैसे बुडतात.

२०२३च्या नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, वुल्व्हज विरुद्ध चेल्सी हा सामना ठेवला गेला. त्या तारखेला इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये १९९५ नंतर सामना झाला नव्हता. चाहत्यांच्या संघटनांनी आधीपासून विरोध केला होता. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी सामना ठेवून लोकांना दुसऱ्या गावाहून बोलवल्यासारखं हे आहे.

इथे आपला, म्हणजे भारतातल्या प्रेक्षकांचा, संबंध येतो. शनिवारी साडेबाराचा सामना आपल्याकडे संध्याकाळी पाचला किंवा सहाला दिसतो. थायलंड, सिंगापूर, मलेशियात ती संध्याकाळची ऐन वेळ. तिकडे मात्र बाहेरगावच्या चाहत्याला त्यासाठी अंधारात घर सोडावं लागतं. आठवड्यामध्ये युरोपीय क्लब स्पर्धेत खेळून आलेल्या संघाला लगेच साडेबाराला उतरवलं म्हणून लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप वारंवार तक्रार करत. त्या वेळेमागे पोलिसांची सोयही असते. चुरशीचे सामने दुपारच्या आत उरकलेले त्यांना बरे वाटतात. तरी २०२२ ते २०२५ च्या करारांपासून प्रीमियर लीगला परदेशातून मिळणारी रक्कम देशातल्या रकमेच्या पुढे गेली आहे, आणि हे माहीत असलेला कुणीही वेळापत्रक करणारा आशियाची संध्याकाळ डोळ्याआड करत नाही. आपण पाचला चहा घेत जो सामना बघतो, त्यातल्या गर्दीचा आवाज भल्या पहाटे निघालेल्या माणसांचा असतो. तो आवाज काढून घेतला तर सामना कसा लागतो ते २०२० मध्ये सगळ्यांनी ऐकलं.

२०२० चं सांगायलाच हवं, कारण नियम बदलण्याचा तो सगळ्यात स्वच्छ प्रयोग होता. कोविडमुळे प्रेक्षक नव्हते, त्यामुळे ब्लॅकआउट उठवला गेला आणि सगळे सामने दिसायला लागले. ऑक्टोबरमध्ये ठरलं की जे सामने नेहमीच्या करारात नाहीत ते प्रत्येकी १४.९५ पौंड देऊन बघायचे. आधीच वर्गणी भरणाऱ्या, त्यातून नोकरी धोक्यात असलेल्या माणसांकडून हे पैसे मागितले जात होते. न्यूकॅसलच्या चाहत्यांनी ठरवलं की सामना बघायचा नाही, आणि तेवढेच पैसे शहरातल्या गरजूंच्या अन्नपेढीला द्यायचे. बघता बघता इतर क्लबांचे चाहते त्यात आले, हजारो पौंड जमले. नोव्हेंबरमध्ये ती योजना गुंडाळली गेली. चाहते परत मैदानात आल्यावर २०२१-२२ पासून ब्लॅकआउटही परत आला. फुटबॉलच्या चाहत्यांना फक्त गोंधळ घालता येतो असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर आठवावं.

चाहत्यांसाठी म्हणून केलेला नियम चाहत्यांवर कसा उलटतो याचंही एक उदाहरण देतो. युरोपीय आयोगाने स्पर्धा वाढावी म्हणून आग्रह धरला की प्रीमियर लीगचे सगळे लाइव्ह हक्क एकाच कंपनीला विकायचे नाहीत. २००७च्या हंगामापासून ते लागू झालं. हेतू चांगला होता. पण दोन दुकानदार एकच वस्तू विकत असतील तर भाव उतरतो. इथे प्रत्येकाकडे वेगळा सामना. आर्सेनलचा एक सामना एकाकडे, पुढचा दुसऱ्याकडे. चाहत्याला संघ बदलता येत नाही, म्हणून त्याने दोन्ही वर्गण्या भरल्या. नव्याने आलेली सेटांटा ही कंपनी २००९ मध्ये ब्रिटनमध्ये बुडाली, तिची जागा दुसरीने घेतली, चाहत्याची दुसरी वर्गणी तशीच राहिली. आपल्याकडेही एक स्पर्धा एका ॲपवर आणि दुसरी भलत्याच ॲपवर, हा अनुभव आता सगळ्यांनाच आहे.

आणि पोर्ट्समथच्या कॅरन मर्फी यांचा खटला. त्या पब चालवायच्या. ब्रिटनमधली पबसाठीची वर्गणी परवडेना म्हणून त्यांनी ग्रीक कंपनीचं कार्ड आणि डिकोडर लावून सामने दाखवले. दंड झाला. त्या लढत लढत युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ४ ऑक्टोबर २०११ रोजी न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्या सदस्य देशातलं कार्ड वापरायला सरसकट बंदी घालणं सेवांच्या मुक्त व्यवहाराच्या विरोधात आहे. पुढे लंडनच्या न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. मात्र त्याच निकालात असंही होतं की सामना हा कुणाचा कॉपीराइट नसला तरी त्यावरचं बोधचिन्ह, सुरुवातीचं संगीत, पडद्यावरची अक्षरं यांना कॉपीराइट आहे, आणि पबमध्ये ते दाखवायला परवानगी लागते. लीगने पुढे त्याच दोरीला धरून चालायचं ठरवलं. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तो मार्गही राहिला नाही. एका पबवाल्या बाईने अख्ख्या खंडाचा बाजार हलवला याचं मला आजही कौतुक वाटतं, पण सामान्य चाहत्याच्या हाती त्यातून फार काही आलं नाही.

चाहत्यांच्या हाती खरंच काही आलं ते जर्मनीत. तिथे २०१७-१८ पासून बुंडेसलिगाने, म्हणजे तिथल्या वरच्या लीगने, हंगामात पाच सामने सोमवारी रात्री ठेवले. फक्त पाच. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्रँकफुर्ट विरुद्ध लाइपझिग या सामन्यात प्रेक्षकांनी टेनिसचे चेंडू आणि टॉयलेट पेपरची भेंडोळी मैदानावर फेकून खेळ थांबवला. आठवड्याने डॉर्टमंडचं ऐंशी हजारांचं मैदान सोमवारी जवळजवळ एक तृतीयांश रिकामं होतं. लीगने त्याच वर्षी जाहीर केलं की पुढच्या करारापासून, म्हणजे २०२१-२२ पासून, सोमवारचे सामने बंद. हे कसं जमलं? तिकडे क्लबमध्ये बहुमताचा मताधिकार सभासदांकडे ठेवणारा नियम आहे, काही अपवाद सोडता. क्लबच्या अध्यक्षाला याच माणसांकडून निवडून यायचं असतं. इंग्लंडमध्ये चाहता गिऱ्हाईक आहे, जर्मनीत तो सभासद आहे.

भारताबद्दल थोडंच बोलतो, कारण प्रश्न तिकडचा आहे. आपल्याकडे अडचण वेळेची नाही, अस्तित्वाची आहे. इंडियन सुपर लीग ज्या व्यापारी करारावर उभी होती तो ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. पुढचं ठरेना, म्हणून त्या वर्षीचा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच झाला नाही. गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर नियमित जाणाऱ्या माझ्या मित्रांना सप्टेंबरात जायला लीगचा सामनाच नव्हता. टीव्हीचा पैसा हा खेळाचा एकमेव खांब केला की असं होतं. शाहू स्टेडियमवरचं फुटबॉल कुठल्याही वाहिनीच्या करारावर अवलंबून न राहता चालत आलं, याचा कोल्हापूरने अभिमान बाळगावा.

आता माझं मत. ब्लॅकआउट उठवावा असं म्हणणारे वाढत आहेत, आणि त्यांचा एक मुद्दा खरा आहे: तुमच्या भाच्यासारखा विद्यार्थी, आजारी माणूस, तिकीट न परवडणारा बाप, यांना आपल्या संघाचा सामना कायदेशीर मार्गाने बघायला मिळत नाही. त्यातून चोरीचं प्रक्षेपण दाखवणाऱ्या सेट-टॉप डब्यांचा बाजार फोफावला. तरीही मी तो उठवू नये या बाजूचा आहे. उठवला तर पहिल्याच हंगामात मोठ्या क्लबांना फायदा होईल, आणि पाचव्या-सहाव्या हंगामात लँकेशायरमधल्या त्या फाटकावर नाणी मोजायला कुणी नसेल. हा तोटा कुठल्याही करारात दिसणार नाही, म्हणून कुणी त्याची भरपाईही करणार नाही. आणि सामने तीनला परत यावेत म्हणून कुणी ब्लॅकआउट उठवायला निघालेलं नाही. हलवलेले सामने हलवलेलेच राहतील.

त्याऐवजी दोन गोष्टी करता येतील, आणि त्या टेबलावर बसून मी सांगतो की त्या शक्य आहेत. टीव्हीची निवड दोन महिने आधी पक्की करायची, आणि त्यानंतर वेळ बदलली तर प्रवासाचे पैसे ज्याने बदल मागितला त्याने भरायचे. युरोपातल्या सामन्यांमुळे काही फेऱ्यांना हे जमणार नाही, पण बहुतेक फेऱ्यांना जमतं. दुसरं, दोन गावांमध्ये सामन्यानंतर परतीची शेवटची गाडी नसेल तर तो सामना रात्री ठेवायचाच नाही. आम्ही तक्ता करताना जाहिरातीचे दर, दुसऱ्या वाहिनीवरचा क्रिकेट सामना, सणवार, सगळं बघायचो. रेल्वेचं वेळापत्रक त्यात एक रकाना वाढवण्याइतकंच काम आहे.

भाच्याला दोन-तीन गोष्टी जरूर कळवा. चोरीच्या स्टिक आणि डब्यांच्या नादाला लागू नको म्हणावं. २०२३ मध्ये असा धंदा चालवणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला तिकडे ११ वर्षांची शिक्षा झाली, आणि परदेशी विद्यार्थ्याने पोलिसांच्या वाटेला न गेलेलं बरं. शनिवारी तीनच्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन कायदेशीर आहे आणि चांगलं असतं. रात्री बीबीसीवर सगळ्या सामन्यांचे ठळक क्षण येतात. आर्सेनलला बघायला लंडनला जायचं असेल तर टीव्हीची निवड जाहीर झाल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नये, कितीही स्वस्त दिसलं तरी.

आणि एखाद्या शनिवारी त्याने लीड्सच्या आसपासच्या एखाद्या लहान क्लबला जावं. यॉर्कशायरमध्ये असे क्लब गावोगाव आहेत, तिकीट आर्सेनलच्या तिकिटाच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं स्वस्त असतं, आणि फाटकावरच मिळतं. जाड जॅकेट घालून जायला सांगा. साडेसातला तुम्ही आर्सेनल लावाल तेव्हा फोन त्याला करू द्या, तिकडचा स्कोअर तो सांगेल.